वॉटफर्डची रेजिना

"जेवलास का?" फोनवरून एक गोरी बाई मला विचारत होती. शनिवारची सकाळ होती, मी वॉटफर्डच्या माझ्या किचनमध्ये एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात उलथनं धरून उभा होतो, आणि कढईत पोहे खाली लागत होते. शब्द मराठी होते, सूर मात्र आमच्या पोस्ट ऑफिसातल्या बाईचा. आधी वाटलं, एजवेअरची शशी चेष्टा करतेय. मंडळाच्या नाटकात मडमेचं काम तीच करते. पण शशीसुद्धा मला 'अहो डॉक्टर' म्हणते. या अख्ख्या देशात मला अरे-तुरे करणारं माणूस एकही उरलेलं नाही. आई गेली, मोठी बहीण गेली, बरोबरचे मित्र एक तर गेले किंवा इतके मोठे झाले की एकमेकांना डॉक्टरसाहेब म्हणायला लागले. आणि सुप्रभानं, माझ्या बायकोनं, सगळ्या संसारात 'अहो'च्या पुढे मजल मारली नाही. त्यामुळे ते 'जेवलास का' ऐकून राग यायच्या ऐवजी जिन्यात पायरी चुकावी तसं झालं. "हू इज धिस?" मी वॉर्डातल्या आवाजात विचारलं. "मी जिल बोलते," ती म्हणाली. "अतुलची जिल." एवढ्यावर तिचं मराठी संपलं असावं, कारण पुढचं सगळं तिनं भडाभडा इंग्रजीत सांगितलं. पुढच्या शनिवारी मी न्यूकॅसलला यावं, अतुलला दुपारपर्यंत काम आहे, पण ती मला स्टेशनवर घ्यायला येईल आणि साउथ शील्ड्सचा रोमन किल्ला दाखवेल. "तुम्हाला आवडेल," ती म्हणाली, "तिथे वॉटफर्डची एक बाई आहे." मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला. पोहे जळले होते.

अतुल माझा एकुलता एक मुलगा. न्यूकॅसलला इंजिनिअर आहे, पुलांचं काम करतो. महिन्यापूर्वी त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, "बाबा, जिल अँड आय आर गेटिंग मॅरिड इन एप्रिल," आणि मी "कॉन्ग्रॅच्युलेशन्स" म्हणालो होतो, एखादा ज्युनियर परीक्षा पास झाला की म्हणतो तसं. आमचं भांडण वगैरे काही नव्हतं. छे, भांडायला तरी दोघांची एक भाषा लागते. आमच्यात चालायचं ते इंग्रजी, आणि तेही हवामान, मोटरवे, घरचा बॉयलर यांच्यापलीकडे न जाणारं. मराठी तो आईशी बोलायचा. तीन वर्षांपूर्वी सुप्रभा गेली आणि घरातलं मराठी त्याच आठवड्यात बंद पडलं. आता मी कुकरशी बोलतो, हरवलेल्या चष्म्याशी बोलतो, टीव्हीवरच्या मंत्र्याला 'गप रे मेल्या' म्हणतो. जिल गोरी आहे म्हणून माझ्या पोटात दुखत होतं असं कुणी समजू नये. मी जन्मभर गोऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या नाड्या धरल्यात, आमच्या वेळच्या देशी डॉक्टरांना बहुतेक करून तेच वॉर्ड मिळायचे, आणि त्यातल्या कित्येकांनी माझ्यावर पोटच्या मुलापेक्षा जास्त माया केली. माझं दुखणं निराळं होतं. मी गेलो की आमच्या घरात आपली भाषा बोलणारं कोणी राहणार नव्हतं, आणि एप्रिलमध्ये त्यावर दोन सह्या होऊन ते पक्कं होणार होतं. ते बघत टाळ्या वाजवायला मी तयार नव्हतो. डिसेंबरात रिटायर व्हायचं, जानेवारीत कोथरूडच्या फ्लॅटवर कायमचं जायचं, आणि लग्नाला यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. मुलाशी असलेला शेवटचा धागा आपण आपल्या हातानं तोडतोय हे मला कळत होतं. पण असली गोष्ट फोनवर सांगू नये, समोर बसून सांगावी, एवढी रीत मला होती. म्हणून मी तिकीट काढलं.

एक्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. किंग्ज क्रॉसहून निघालेल्या गाडीत मी वाक्य तयार करत बसलो होतो. 'आय शॅल बी इन पुणे बाय देन.' हे बरं होतं, त्यात कोणाचा अपमान नव्हता. पण 'शॅल' म्हणावं की 'विल', यावर माझं पीटरबरो येईपर्यंत ठरेना, आणि मग लक्षात आलं की पोटच्या पोराशी बोलायचं वाक्य मी व्याकरणाच्या पुस्तकासारखं तपासतोय. बाहेर कापून झालेली शेतं, मधूनच एखादं चर्च. अतुल कार्डिफला जन्मला तेव्हा मी तिथल्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये होतो, एक रात्र आड ऑन-कॉल. मग सहा महिने एका गावात, सहा महिने दुसऱ्या. सुप्रभाला धड कोणाची ओळख व्हायच्या आत सामान बांधायला लागायचं. मायलेकरं दोघंच. मी घरी यायचो तेव्हा किचनच्या बंद दारामागून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, म्हणजे शब्द नाही, नुसता त्याचा नाद, मधेच तिचं हसणं, मधेच 'ए, सांडशील'. मी दार उघडलं की तो "हॅलो, बाबा," म्हणायचा आणि टोस्टकडे बघायचा. मला वाटायचं पोरगं माझ्या टायला भितं. कधी कधी मी मुद्दाम त्या दाराबाहेर कोट घालूनच उभा राहायचो. ऐकून घ्यावंसं वाटायचं. पुढे घरं बदलली, वॉटफर्डला बस्तान बसलं, अतुलचा आवाज फुटला, पण ते दार काही बदललं नाही.

न्यूकॅसलच्या फलाटावर ती उभी होती. अंगानं बारीक, तांबूस केस, अंगात निळं अनोरॅक जाकीट, नाक वाऱ्यानं लाल झालेलं. साउथ शील्ड्सच्या एका प्रायमरी स्कूलमध्ये ती टीचर आहे एवढं मला ठाऊक होतं. हात मिळवावा की नमस्कार करावा, या गोंधळात आम्ही दोघांनी अर्धं अर्धं काहीतरी केलं. "मी आले तुला घ्यायला," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्याकडे बघून भुवया वर चढवल्या. "टोपी कुठे? टोपी घाल. कान झाक." मी चाटच पडलो. चौसष्ट वर्षांचा कन्सल्टंट मी, माझ्यापुढे सिस्टर लोक चळचळा कापायचे! ती लाजली. "सॉरी. अतुल सांगतो 'तुम्ही' म्हणायचं. पण त्याच्या पुढच्या एंडिंग्ज मला येत नाहीत." तिच्याजवळ जे मराठी होतं ते सगळं असलं होतं: घाल, पूस, बस, हळू ये, सांडू नकोस. मी खिशातून टोपी काढून घातली. मेट्रोमध्ये तिकीट बघणाऱ्या बाईनं मला "थँक यू, पेट" म्हटलं. इकडे पेट म्हणजे बाळा, असं जिलनं मला समजावलं. एकाच सकाळी दोन बायकांनी माझं वय पाचवर आणून ठेवलं, आणि कमाल म्हणजे मला ते फारसं वाईट वाटलं नाही. मग मला माझंच आश्चर्य वाटून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नदीवर एक क्रेन निमूट उभी होती, जहाज कुठेच नव्हतं.

किल्ला म्हटल्यावर आमच्या पुणेकराच्या पायात आपोआप चढण येते. इथे चढ होता तो इतपतच, की म्हाताऱ्यानं बोलत बोलत चढावा. टेकाडावर विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा, खिडक्यांना जाळीचे पडदे, एका दारात दुधाच्या रिकाम्या बाटल्या. आणि रस्ता ओलांडला की समोर रोमन साम्राज्य. तेही गुडघ्याएवढं. भिंतींचे नुसते पाये उरलेले, हिरवळीत आखून ठेवलेल्या खोल्या. फक्त पश्चिमेचा दरवाजा नव्यानं पूर्ण बांधला होता, दोन बुरुजांचा, थोराड, आणि त्याच्या नवेपणामुळे तो जरा खोटा वाटत होता. वारा समुद्रावरून सरळ अंगावर येत होता. जिल पुढे, मी मागे. हेड्रियन बादशहानं बांधलेली ती प्रसिद्ध लांबलचक भिंत नदीच्या पलीकडे जरा वर संपते, ती सांगत होती. तिथल्या सैन्याला लागणारं धान्य जहाजानं इथे उतरायचं, म्हणून ही एवढी कोठारं. राखणीला होते ते रोमचे थोडेच? कोणी स्पेनचे, कोणी फ्रान्सकडचे, आणि शेवटी शेवटी तर टायग्रिस नदीवरचे नावाडी, म्हणजे त्या वर्षी टीव्हीवर आम्ही ज्याच्यावर बॉम्ब पडताना बघितले त्या इराकचे. पंचवीस वर्षं चाकरी करायची, मग सनद मिळायची, या राज्याचे नागरिक म्हणून. "बरी अट होती," मी म्हणालो, "आम्हाला आधी परीक्षा पुन्हा द्यायला लावल्या." ती खळखळून हसली. मला हसायचं नव्हतं. मी वाक्य सांगायला आलो होतो. पण त्या कोठारांच्या ओळींमधून चालताना माझ्या डोक्यात भलतेच प्रश्न यायला लागले. त्या नावाड्याला इथल्या थंडीत पहिल्या रात्री कुणी काय पांघरायला दिलं असेल? तो झोपेत कुठल्या भाषेत बोलत असेल? आणि त्याचं पोर, इथे या वाऱ्यात जन्मलेलं, त्याला काय हाक मारत असेल? असं एकेक मनात येत होतं आणि मला हळूहळू भीती वाटायला लागली होती, साधी, पोरासारखी भीती. त्या हिरवळीवर एक शब्द शिल्लक नव्हता. एवढी माणसं बोलली, रागावली, निजवताना पोरांना थोपटत राहिली, आणि त्यांच्यातलं शिल्लक काय, तर खापरं.

"चल, आत चल, तुला गारठा बाधेल," जिल म्हणाली. 'गारठा बाधेल' हे काही पुस्तकात शिकवत नाहीत. मी दचकून तिच्याकडे बघितलं, पण ती तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाशी बोलायला लागली होती.

म्युझियम छोटंसंच. तिनं मला सरळ एका दगडापुढे नेऊन उभं केलं. थडग्याचा दगड, माणसाच्या उंचीला थोडा कमी. वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत एक बाई बसलेली, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसरीकडे टोपलीत लोकरीचे गुंडे, मांडीवर चाती. चेहरा फुटून गेलेला. "ही आमची रेजिना," जिल म्हणाली, जशी काही मावशीची ओळख करून देतेय. खाली लॅटिनमध्ये काय लिहिलंय ते तिनं बोट फिरवत सांगितलं. नवऱ्याचं नाव बारातेस. गाव पाल्मायरा, सीरियाच्या वाळवंटातलं. बायको रेजिना, आधी गुलाम होती, त्यानं तिला मुक्त केलं आणि लग्न केलं. जमात कातुवेल्लाउनी. वय तीस. "कातुवेल्लाउनी म्हणजे कुठले, माहीत आहे? सेंट ऑल्बन्स, हर्टफर्डशायर. म्हणजे आपलं वॉटफर्ड!" ही जिल वॉटफर्डची. तिचे वडील छापखान्यात होते, माझ्या हॉस्पिटलपासून बसच्या दोन स्टॉपवर त्यांचं घर. हे मला अतुलनं सांगितलं होतं आणि मी कानाआड केलं होतं. "वॉटफर्डची मुलगी, पूर्वेकडचा नवरा, आणि संसार साउथ शील्ड्सला," ती इंग्रजीत म्हणाली. "मी दर वर्षी माझ्या वर्गाला घेऊन येते. अतुलला पहिल्यांदा इथेच आणलं. मी म्हटलं, बघ, आपण काही नवीन करत नाही." आणि मग मिश्किलपणे: "पण अतुलनं मला विकत नाही घेतलं हं."

मी वाकून बघत होतो. लॅटिनच्या खाली आणखी एक ओळ होती, निराळ्या लिपीत, उजवीकडून डावीकडे जाणारी, वळणदार. "ही त्याची स्वतःची भाषा," जिल म्हणाली. "लिहिलंय, रेजिना, बारातेसनं मुक्त केलेली, हाय हाय." झालं, एवढंच. या धुक्याच्या गावात ती वाचणारं दुसरं कोणी होतं की नाही, देव जाणे. रेजिनेला तरी वाचता येत होती का? आणि वाचता येत असली तरी ती आता मेलेली. मग ही ओळ कुणासाठी? मला एकदम सुप्रभा दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी होती तशी दिसली. नर्सनं तिला इंग्रजीत विचारलं, बाई, काही हवंय का, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'अहो, हिला सांगा, उशी जरा वर कर.' इंग्रजी तिला उत्तम येत होतं. त्या वेळेला तिला ते नको होतं. मी त्या दगडापुढे उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, भर दुपारी, परक्या पोरीसमोर. जिलनं खिशातून एक टिश्यू काढून पुढे केला आणि म्हणाली, "नाक पूस."

मी नाक पुसलं. मग, आपण दोघंही जरा सावरावं म्हणून असेल, ती पुन्हा टीचरसारखी इंग्रजीत बोलायला लागली. "गंमत माहीत आहे? याचं लॅटिन चुकलंय. 'मुक्त केलेली' आणि 'पत्नी' या शब्दांच्या एंडिंग्ज चूक आहेत. खालची ओळ मात्र झकास, असं जाणकार म्हणतात. अतुलचं याच्या उलटं. त्याचं इंग्रजी बरोबर, स्वतःची भाषा चूक."

"कोण म्हणतं चूक?" मी म्हणालो. "त्याची भाषा मी ऐकलीच कुठे आहे?"

"तो ऐकवणारच नाही तुम्हाला." ती जरा घुटमळली, सांगावं की नाही अशी. "तो आठ वर्षांचा होता. एजवेअरला गणपती होता, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. कोणीतरी त्याला नाचायला बोलावलं आणि तो म्हणाला, 'मी नाही येत, मी दमले.' दमले! सगळा हॉल हसला. कोणी विष्णू अंकल होते, ते दिवसभर त्याला 'काय गं, दमलीस का?' म्हणत होते. त्याला कळेचना, आई तर असंच म्हणते. ही ओन्ली एव्हर हर्ड हर. तेव्हापासून तो पुरुषांशी मराठी बोलत नाही. त्याला आजही कुठे 'लो' आणि कुठे 'ले' ते नीट कळत नाही." मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात खरी काळजी होती. ती मराठीवर आली. "मी सगळं त्याच्याकडून शिकले. रोज संध्याकाळी, भांडी घासताना. म्हणजे मी पण चूक बोलते का? मला खरं सांग."

मी तिची सकाळपासूनची वाक्यं मनात परत म्हणून बघितली. मी आले. मी बोलते. मी शिकले. चल, तुला गारठा बाधेल. नाक पूस. माझ्या मुलानं आपल्या आईचं सगळं बोलणं जसंच्या तसं, एकही टोक न मोडता, सांभाळून ठेवलं होतं, आणि त्याच्या तोंडी ते चुकीचं होतं म्हणून लपवून ठेवलं होतं. आणि या वॉटफर्डच्या पोरीच्या तोंडी जाऊन ते आपोआप बरोबर झालं होतं. मी जन्मभर ज्या बंद दारामागून नुसता नाद ऐकला त्याचे शब्द मला आज ऐकायला मिळत होते. "नाही गं," मी म्हणालो. "तुझं बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तुला कोणी चूक म्हणालं तर माझ्याकडे पाठव."

"अय्या!" जिल म्हणाली. पन्नाशीतसुद्धा सुप्रभा 'अय्या' म्हणायची, तेव्हा मी तिला चिडवायचो. मला हसू आलं, आणि हसताना पुन्हा रडू आलं, आणि तिकिटाचा माणूस खिडकीतून मान वळवून बघायला लागला.

अतुल अडीचच्या सुमाराला आला. नव्या दरवाज्याच्या कमानीखालून घाईघाईनं, पुलावरचं पिवळं जाकीट अंगात तसंच. आम्हाला दोघांना बाकावर शेजारी शेजारी बसून एका थर्मासमधला चहा पिताना बघून तो थबकला. "सॉरी, बाबा, द ट्रॅफिक..." त्यानं सुरुवात केली. "मराठीत सांग," जिल म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला. मोठा तीस वर्षांचा बाप्या, पण खालचा ओठ तस्सा, टोस्टकडे बघायचा तेव्हासारखा. "उशीर झाला," तो म्हणाला. बस, उशीर झाला. यात ना लो ना ले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गेल्या कित्येक वर्षांत मंडळात, सुप्रभाच्या दहाव्याला, जिथे अगदीच टळत नव्हतं तिथे हा असाच बोलायचा. जमणार नाही. माहीत आहे. वाईट वाटतं. स्वतःचं पाऊल कुठे उमटू न देता. किती शिताफीनं शिकला असेल हे, आणि किती एकट्यानं.

"अतुल," मी म्हणालो, "तू 'मी आले' म्हण."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग जिलकडे. मी चेष्टा करतोय का, ते तो चाचपत होता.

"अरे, तुझ्या आईचं मराठी आहे ते. फुकट घालवू नकोस. लो-ले गेलं खड्ड्यात. तू बोल, मला ऐकायचंय."

वारा एवढा होता की त्याला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. मग तो माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला, समोर त्या गुडघ्याएवढ्या भिंतींकडे बघत, आणि हळूच म्हणाला, "मी सकाळपासून घाबरले होते, बाबा." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाकीट ओलं होतं. पुढे तो काय काय बोलला, पुलाच्या कामाचं, आईच्या हातच्या भाजणीचं, रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या रंगीत खुर्च्यांचं, सगळं आले-गेले-दमले करत. आणि मी एकदाही दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करावंसंच वाटलं नाही.

संध्याकाळी ते दोघं मला न्यूकॅसलला गाडीवर पोचवायला आले. माझं वाक्य अजून माझ्याजवळच होतं, शॅल आणि विलसकट. दिवसभरात ते सांगायचं राहून गेलं होतं, पण न सांगणं आणि विचार बदलणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला समजत होतं. डिसेंबर, जानेवारी, कोथरूड, सगळं होतं तिथेच होतं. अतुलनं माझी बॅग आत ठेवली आणि खाली उतरला. शिट्टी झाली. मी दारात उभा होतो, आणि निघताना आपण म्हणतो तसं, सवयीनं, काही मनात नसताना म्हणालो, "बरं, येतो."

अतुल मान हलवून "बाय, बाबा," म्हणणार होता. पण जिल एक पाऊल पुढे आली. निघताना 'जातो' म्हणू नये म्हणून आपण 'येतो' म्हणतो, हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. तिनं तो शब्द जसा होता तसा धरला.

"कधी?" तिनं विचारलं.

आजपर्यंत मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मराठी माणूस विचारूच शकत नाही. मी तोंड उघडलं, आणि गाडी हलायच्या आत उत्तर दिलं.

"एप्रिलमध्ये," मी म्हणालो. "लग्नाला. आणि त्याआधी दिवाळीला तुम्ही दोघं घरी या."